गवतातली खोली

१

आमच्या ह्यांच्याबरोबर तंबू ठोकायला जाणं म्हणजे बांधकामावर हजेरी लावणं. हे गवंडी. हाताखाली माणसं असली तरी शेवटचा थर स्वतःच्या हातानं लावल्याशिवाय ह्यांना घास गोड लागत नाही. लोक तंबू घेऊन जातात, आम्ही तंबू, सुतळी आणि ओळंबा घेऊन जातो. शेजारची कुटुंबं चहा पिऊन पत्ते कुटत बसलेली असतात तेव्हा आमच्याकडे अजून "जरा डावीकडे... अगं तुझं डावं नव्हे, माझं डावं" चाललेलं असतं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि तुम्हाला नीट दिसत नाहीये हे माणसाच्या गळी उतरवायचं, हा माझा धंदा. म्हणून तंबू सरळ आहे की वाकडा, याची साक्ष द्यायला घरात मलाच बोलावतात. मी नेहमी सरळच आहे म्हणते, कारण तोवर मला भूक लागलेली असते.

आम्ही चौघं होतो. हे, मी, आमची आठ वर्षांची लेक आणि ह्यांची मोठी बहीण. लेकीला सगळे भुंगी म्हणतात. जेवताना, चित्र काढताना, अंघोळ करताना तिचं नाकातल्या नाकात गुणगुणणं चालूच असतं. लग्नानंतर बरीच वर्षं वाट बघायला लावून आलेली ही एकुलती एक, त्यामुळे तिला साधी शिंक आली तरी मी कपाळाला हात लावून ताप बघते. ह्यांची बहीण, म्हणजे माझ्या ताई, शाळेत इतिहास शिकवत. त्या निवृत्त झाल्या, त्यांचा इतिहास झाला नाही. मोकळ्यावर तंबूत राहायचं आणि आसपासची जुनी ठिकाणं बघायची, ही टूम त्यांचीच.

टेकडीवर किल्ला, खाली नदी आणि मधे लांबरुंद कुरण. बाकीचे तंबू नळाजवळ दाटीवाटीनं होते. ह्यांनी आम्हाला कुरणाच्या पार टोकाला नेलं, कारण तिथली जमीन सपाट होती. "बघ, मुद्दाम चोपून घेतल्यासारखी आहे," हे खूश होऊन म्हणाले. गवतात दगडांच्या ओळी होत्या, जेमतेम घोट्याइतक्या उंच, अर्ध्या मातीत गेलेल्या. बसायला बऱ्या, असं मी म्हटलं.

भुंगीला वाढदिवसाला छोटा पिवळा तंबू मिळाला होता आणि ती त्यात एकटी झोपणार होती. मी तोंडानं हो म्हटलं होतं. तिनं जागा स्वतः निवडली. दगडांच्या ओळींनी आखलेला एक लहानसा चौकोन होता, आणि त्याच्या मावळतीकडच्या ओळीत माणूस जाईल एवढी फट होती. "ही माझी खोली," असं म्हणून ती त्या फटीतून आत गेली.

२

दुपारी किल्ला पाहिला. पाहिला म्हणजे ताईंनी दाखवला. प्रत्येक बुरुजापाशी आम्हाला उन्हात उभं करून त्या स्वतः सावलीत उभ्या राहायच्या. सगळा किल्ला सैनिकांचा होता, आणि खालच्या कुरणावर त्यांच्या बायकापोरांची घरं होती, एवढं माझ्या ध्यानात राहिलं. भुंगीनं तोफेच्या तोंडात हात घातला, ह्यांनी सगळ्या तटाला हात लावून पाहिला. "काय सांधा धरलाय," असं म्हणत हे दगडाला कुरवाळत होते. माझ्या गालाला असा हात लावल्याचं मला आठवत नाही, असं मी ताईंना सांगितलं, तेव्हा त्या बुरुजावर एकट्याच हसत सुटल्या.

परत येऊन मी स्टोव्ह पेटवला आणि बटाटे चिरायला बसले. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. भुंगीला तिच्या तंबूतून माझ्याकडे यायचं होतं. सरळ यायचं तर दगडांची एक ओळ ओलांडायची, बस. त्याऐवजी ती पलीकडच्या फटीतून बाहेर पडली, वळसा घालून आली आणि परत तशीच गेली. मुलांचे खेळ असतात, रस्त्यावरच्या फरशांच्या रेघांवर पाय द्यायचा नाही वगैरे, तसलं काहीतरी असेल. पण मग हे तिची बॅटरी द्यायला गेले, तेही वळसा घालून. आणि फटीतून आत जाताना हे वाकले.

हे उंच आहेत. घरी स्वयंपाकघराच्या दारात रोज वाकतात. पण इथे डोक्यावर आभाळाशिवाय काही नव्हतं.

"कुणाला नमस्कार करताय?" मी ओरडले.

"कुठे?" हे म्हणाले. आपण वाकलो हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

३

जेवताना ताईंच्या डोक्यात प्रकाश पडला. ताट खाली ठेवून त्या उठल्या, कमरेवर हात ठेवून गोल फिरल्या. "अगं, हे जोतं आहे," त्या म्हणाल्या. "घराचा पाया. आपण कुणाच्या तरी घरात बसलोय. तू चूल मांडलीस ना, ते स्वयंपाकघर. खालची माती बघ, काळी आहे की नाही?"

माती काळी होती. स्टोव्ह कुठे ठेवायचा ते मी कुणाला विचारलं नव्हतं. वारा लागणार नाही अशी जागा बघून ठेवला होता. आता विचार केला तर त्या कुरणावर आडोसा असा कुठेच नव्हता, तरी तिथे वारा लागत नव्हता.

"म्हणजे आपला तंबू?" ह्यांनी विचारलं.

"माजघरात. आणि भुंगीची ती आतली खोली. एकच दार."

भुंगीला आनंद झाला. मला झाला नाही, पण तसं म्हणण्यासारखं कारण हाताशी नव्हतं. दिवसभर आम्ही चौघं जिथून ये-जा करत होतो तिथलं गवत दबून वाटा पडल्या होत्या. उरलेल्या उजेडात त्या नीट दिसत होत्या. एकही वाट दगडांच्या ओळीवरून गेली नव्हती. सगळ्या फटींमधून गेल्या होत्या.

माणसाचे पाय सोपी वाट शोधतात, असं मी स्वतःला समजावलं. दुकानात येणारे निम्मे लोक काहीबाही दिसतं म्हणून येतात, आणि काच पुसून दिली की समाधानानं घरी जातात.

ताई भुंगीला पांघरूण द्यायला गेल्या आणि कपाळ चोळत परत आल्या. "काहीतरी लागलं बाई," त्या म्हणाल्या. चांगलं टेंगूळ आलं होतं. तंबूची काठी लागली असणार, असं आम्ही ठरवलं. पिवळ्या तंबूची काठी ताईंच्या कमरेला येते, हे त्या वेळी कुणीच बोललं नाही. मग भांडी आवरताना आवाज आला. जुनी, जड कडी कोयंड्यावर पडते तसा. एकदाच. मी हातातलं झाकण पातेल्यावर ठेवून पाहिलं, तसाच आवाज येतो का म्हणून. आला नाही.

रात्र नीट गेली. हे मुद्दाम सांगते, कारण सगळे तेच आधी विचारतात. रात्री काहीसुद्धा झालं नाही.

४

सकाळी सगळं दवानं निथळत होतं. आमचा तंबू ओलाचिंब, स्टोव्ह ओला, ताईंच्या चपला ओल्या. पिवळा तंबू कोरडा होता. मी त्यावरून हात फिरवला. हाताला थोडी ऊबच लागली.

"झोप लागली का गं?" मी विचारलं.

"छान लागली. खोली गरम आहे." भुंगी गुणगुणत ब्रेड खात होती. तिला धडधाकट बघून मला स्वतःचंच हसू आलं.

आम्ही आवरेपर्यंत ह्यांना करायला काही नव्हतं, आणि ह्यांच्या हाताला काम नसलं की घरावर संकट येतं. हे चहा पीत त्या फटीकडे बघत उभे राहिले. मला ती नजर ठाऊक आहे. पाहुणे म्हणून गेलेल्या घरी एक फरशी हलताना दिसली तरी हे अशीच नजर लावतात आणि जेवण होईपर्यंत फरशी उखडलेली असते.

"दात पडल्यासारखं दिसतंय," हे म्हणाले. "आणि पाऊस आला तर पाणी इथूनच आत शिरणार."

"आभाळ निरभ्र आहे."

"तरी."

आसपास दगड विखुरले होतेच. ह्यांनी निवडून आणले, फिरवून फिरवून बसवले, खाली चिखलाचा थर दिला, मधे दगडाच्या बारीक चिपा ठोकल्या. ना चुना ना सिमेंट, पण लावून झाल्यावर जुनी ओळ कुठे संपते आणि नवी कुठे सुरू होते ते कळेना. सगळ्या कुरणात हे काम करावंसं फक्त आमच्या ह्यांनाच वाटलं असतं. दुसरा कुणी असता तर चहा पिऊन मोकळा झाला असता.

भुंगी हात धुऊन आली आणि थबकली. "बाबा, आता मी कुठून जाऊ?"

"उडी मार की! एवढासा तर आहे."

मोठी माणसं अडाणी माणसाकडे बघतात तसं तिनं बापाकडे पाहिलं. मग माझा हात धरून ती गाडीकडे चालू लागली. तिचं गुणगुणणं थांबलं होतं. रुसली असेल, असं मला वाटलं.

५

नदीवरचा जुना दगडी पूल पाहिला आणि मग धान्याचं कोठार. कोठार आतून थंडगार, एकाला एक लागून खोल्या, भिंती हातभर जाड. ताई एका खोलीत गेल्या आणि आम्ही शेजारच्या खोलीतून त्यांना हाका मारल्या, त्या त्यांना ऐकू गेल्या नाहीत. हा प्रयोग ताईंना फार आवडला.

शेवटच्या खोलीत एक बुजवलेलं दार होतं. चौकटीचा आकार तसाच, मधे दगड भरलेले. भुंगी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती.

"आत्या, हे बंद का केलं?"

"लागेनासं झालं असेल. लोक दारं बुजवतात, खिडक्या बुजवतात. घरं बदलत असतात."

"आत कुणी राहिलं असलं तर?"

"आधी बघतात गं आत."

"प्रत्येक वेळी?"

"गवंडी आत बघितल्याशिवाय शेवटचा दगड लावत नाही," हे म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर टपली मारली. तिथून निघाल्यावर आम्ही पोटभर खाल्लं आणि परतीच्या वाटेवर ती गाडीत झोपली. गाडी कुरणाच्या कडेला लावून ह्यांनी तिला खांद्यावर घेतलं. ती शेंडीपासून टाचेपर्यंत ढिली पडली होती, तोंड उघडं. त्यांनी नव्या दगडांवरून पाय टाकला, वाकून तिला पिवळ्या तंबूत निजवलं, बूट काढले आणि पुन्हा पाय टाकून बाहेर आले. येताना अडखळले. "कुणी बांधलंय हे मधेच," असं म्हणून स्वतःच हसले.

६

दिवस कलला होता. मी चहाचं आधण ठेवलं. ताई टेंगळाला तेल लावत होत्या. भुंगी मोज्यांवर तंबूबाहेर येऊन उभी राहिलेली मला दिसली.

"उठलीस? ये, दूध देते."

ती दगडांच्या ओळीपाशी आली आणि थांबली. तिचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता. मग तिनं दोन्ही तळहात पुढे करून हवेत टेकवले. शाळेच्या संमेलनात तिच्या वर्गानं न बोलता करायचं एक नाटुकलं बसवलं होतं, त्यात असं होतं. मला खरं सांगायचं तर राग आला. आधण उकळत होतं आणि हिला खेळ सुचत होता.

मग मी पाहिलं की त्या चौकोनात ऊन नाही. कुरणभर पिवळं ऊन पसरलं होतं, गवताच्या प्रत्येक पात्याची लांब सावली पडली होती, आणि त्या ओळींच्या आत सगळं सावलीत होतं. पिवळा तंबू ओल्या फडक्यासारखा मळकट दिसत होता. मी वर पाहिलं, ढग नव्हता. मी किल्ल्याकडे पाहिलं, त्याची सावली नदीपलीकडे होती. मग मी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

मी उठून गेले आणि दगडांवरून पाय टाकला. पाय पलीकडे पडला नाही. पुन्हा टाकला, तेव्हा गुडघ्याला काहीतरी जोरात लागलं आणि पाहिलं तर गुडघा सोलवटला होता. हातभर अंतरावर माझी मुलगी उभी होती आणि मला तिचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

"अहो!" मी ओरडले. "अहो, इकडे या!"

हे हातात गाळणं घेऊन हसत आले. भुंगीला उचलायला हात पुढे केला, तो हवेत थांबला. हसू तोंडावरच राहिलं. मग ह्यांनी गाळणं खाली ठेवलं, पंजा पसरला आणि हळूहळू वर नेला, खाली आणला, बाजूला सरकवला. कामावर भिंत तपासताना हे असंच करतात. मी हजारदा पाहिलंय.

"गिलावा आहे," हे म्हणाले. "चुन्याचा. जुना, पोपडे आलेत." आणि मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मी आत बघितलं नाही गं."

७

नव्या दगडांच्या चिपांमधून आवाज येत होता. तेवढ्याच ठिकाणी. आम्ही वळसा घालून तिकडे धावलो आणि मी गवतात आडवी पडून कान लावला.

"आई?"

"इथेच आहे मी, बाळा."

"बाबांनी दार बुजवलं."

"काढतायत बाबा. आत्ता काढतील. रडू नकोस हं."

"मी नाही रडत. ती रडतेय."

मी कान दाबून धरला. कुणीतरी रडत होतं. हुंदके नव्हते, रडून रडून सवय झालेल्या माणसाचं असतं तसं संथ, एकसुरी चाललं होतं.

"ती कोण गं?"

"इथली. दार उघडं होतं तरी तिला एकटीला बाहेर येता येत नव्हतं. मग मी म्हटलं, माझा हात धर."

ह्यांनी गुडघे टेकून पहिला दगड धरला होता. ताई माझ्या मागे उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांनी भावाचा खांदा पकडला.

"थांब. काढू नकोस."

"ताई, सोड."

"आधी भुंगीला एकटी होऊ दे. सांगा तिला, हात सोड म्हणावं." त्यांचा वर्गात लागायचा तो आवाज लागला होता. "दार उघडलंस की जे आत आहे ते बाहेर येणार. कळतंय का तुला? ते आपल्याबरोबर येणार."

ताईंचं खरं होतं. आजही मी म्हणते, त्यांचं खरं होतं. मी फटीशी तोंड नेलं. "भुंगे, तिचा हात सोड. सोड बरं, आणि बाबांपाशी येऊन उभी राहा."

मी पुन्हा कान लावला.

"मी सोडला," ती म्हणाली. "ती सोडत नाहीये."

मी उठून उभी राहिले. आतली सावली दाट होत चालली होती. बाहेर चांगलं लख्ख होतं, ह्यांच्या मनगटावरचे केस मोजता आले असते, आणि आत माझ्या मुलीचे डोळे कुठे आहेत ते मला शोधावं लागत होतं. तिचे मोजे मात्र पांढरे होते, ते दिसत होते. त्यांच्याखाली गवत दबलं होतं. आणि मोज्यांच्या समोर, अगदी जवळ, आणखी दोन ठिकाणी गवत दबलं होतं. अरुंद आणि फार लांब. बोटांकडची बाजू आमच्याकडे नव्हती. जे काही होतं ते माझ्या मुलीकडे तोंड करून उभं होतं.

ताईंना ते दिसलं नाही. ह्यांनाही नाही, ते दगडाकडे बघत होते. माझ्या एकटीच्या नजरेत आलं. नीट दिसत नाहीये असं मी जन्मभर लोकांना सांगत आले, पण तेव्हा मला नीट दिसत होतं.

"वहिनी, विचार कर," ताई म्हणाल्या. ताई मला कधी वहिनी म्हणत नाहीत. आता त्या रडत होत्या.

"उघडलं नाही तर?" मी विचारलं. "अंधार पडल्यावर काय करायचं, सांगा ना."

ह्यांनी मान वर केली. दगडावर दोन्ही हात, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर अशी दीनवाणी वाट पाहणं, की मला त्यांची दया आली. त्यांनी स्वतः लावलेलं ते स्वतः काढायला ते माझा हुकूम मागत होते.

"काढू?"

इतक्या वर्षांत मी ह्यांना कधी एकेरी हाक मारली नव्हती. "काढ," मी म्हणाले. "काढ ते सगळं."

८

लावताना गोंजारून लावलेले दगड हे नखांनी उपटत होते. बोटं फुटली. शेवटचा दगड निघाला तसं ऊन आत गेलं. आख्ख्या चौकोनात नाही, फक्त त्या फटीतून, दार उघडल्यावर जमिनीवर उजेडाचा पट्टा पडतो तेवढंच. त्यात भुंगी आली. डोकं वाकवून, नीट पाय उचलून ती बाहेर पडली, आणि बाजूला सरून उभी राहिली. तिचा उजवा हात वर होता. खांद्याच्याही वर. लहान मूल मोठ्या माणसाचा हात धरतं तसा.

आतली ती लहान मुलगी असेल असंच मी तोवर धरून चालले होते. रडण्यावरून तसं वाटलं होतं.

भुंगीची सावली मागे, उजेडाच्या पट्ट्यात पडली होती. तिच्या शेजारी दुसरी सावली होती. ती वाकलेली होती, दार ठेंगणं असल्यासारखी. मग ती बाहेर आली असावी, कारण ती सरळ होऊ लागली. सरळ होता होता ती पट्ट्याच्या टोकाला पोचली, पलीकडच्या ओळीवर चढली, आणि तरी तिचं सरळ होणं संपलं नव्हतं. एवढंच मी पाहिलं. त्यानंतर मी नजर भुंगीच्या चेहऱ्यावर ठेवली आणि तिथून हलवली नाही.

मी तिला पोटाशी धरलं. ती गरम होती, तिच्या केसांना झोपेचा वास येत होता, ती माझीच होती. मी मुके घेत होते आणि मला रडू आवरत नव्हतं. तिनं मला एका हातानं मिठी मारली.

तंबू, स्टोव्ह, सुतळी, सगळं तिथेच टाकून आम्ही निघालो. हे पुढे चालत होते, रक्ताळलेले हात अंगापासून लांब धरून. ताई त्यांच्याही पुढे. मी भुंगीच्या डाव्या बाजूनं. तिच्या उजव्या बाजूचं गवत आमच्या पावलांबरोबर दबत होतं, आणि मी ते बघत नव्हते.

ताई एरवी मागे बसतात, भुंगीला गोष्टी सांगत. त्या पुढे जाऊन बसल्या, पट्टा लावला आणि समोरच्या काचेतून बघत राहिल्या. ह्यांनी गाडी सुरू केली. मी मागचं दार उघडलं. भुंगी चढली, सरकत सरकत पलीकडच्या खिडकीपर्यंत गेली आणि तिथे अंग चोरून बसली. हात अजून तसाच, दाराच्या दिशेनं ताणलेला.

मला वाटलं, आता. हातात दार होतं. जोरात ओढून घेतलं तर काय होईल, हे मी मनात करून पाहिलं. मग मी तिचं मनगट पाहिलं. त्यावर लांबच लांब बोटांचे पांढरे वळ उठले होते, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत आणखी घट्ट होत होते.

"थांब ना, आई," ती म्हणाली. "तिला वेळ लागतो."

मी दार धरून थांबले. गाडी एका बाजूला कलली. मधली गादी हळूहळू खाली दबली. पुढे ताईंनी डोळे मिटून घेतले. वळ सैल पडले, आणि भुंगीनं हात मांडीवर घेतला.

"आता तू ये," ती म्हणाली.

मी आत शिरले, मधली जागा सोडून बसले आणि दार ओढून घेतलं.